जर-तरचा चंद्र

गेले काही महिने आमच्या घरात दर शनिवारी रात्री चंद्रावरून भांडण होतं. म्हणजे चंद्र या विषयावरून. प्रत्यक्ष तिथे जाऊन भांडण्याइतके आम्ही अजून पुढारलेलो नाही!

निमित्त आहे 'फॉर ऑल मॅनकाइंड' ही अमेरिकन मालिका. ॲपल टीव्हीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचा पहिला भाग आला. लेकाने वर्गणी भरली आणि "आई, तू इतिहासाची बाई, तुला आवडेल" म्हणून मला समोर बसवलं. इंग्रजी भराभर बोलतात ते मला सगळं कळत नाही, पण खाली अक्षरं येतात ती वाचते. माझ्या एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला इंजिनियर भाचा. भाचा दर पाच मिनिटांनी "छे! शक्यच नाही" म्हणतो आणि नात दर दहा मिनिटांनी "दादा, गप्प बस ना" म्हणते.

(ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी आधी पाहून या. पुढे मी गोष्ट फोडली आहे.)

गोष्ट अशी. २६ जून १९६९. सगळं जग दूरचित्रवाणीसमोर बसलेलं. चंद्रावर यान उतरतं, शिडीवरून एक माणूस खाली येतो आणि बोलायला लागतो ते चक्क रशियन! अलेक्सेई लिओनोव्ह. अमेरिका हरली. पुढच्या महिन्यात आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन पोचतात ते दुसरे म्हणून, आणि तेही आपटत. पण हरल्यामुळेच अमेरिका थांबत नाही. प्रत्यक्षात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. शर्यत जिंकली आणि उत्साह ओसरला. १९७० सालीच पुढच्या तीन मोहिमा रद्द केल्या, डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ परत आलं, आणि त्यानंतर आजतागायत चंद्रावर माणसाचं पाऊल पडलेलं नाही. मालिकेत मात्र १९७३ मध्ये चंद्रावर वस्ती, १९८३ मध्ये तिथे बंदुका, नव्वदच्या दशकात मंगळ असा घोडा चौखूर सुटतो.

आता भाच्याची तक्रार. दुसऱ्या पर्वात स्पेस शटल थेट चंद्राकडे जाताना दाखवलं आहे. तो म्हणतो, "मावशी, शटल पृथ्वीभोवती सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने फिरतं. चंद्राकडे निघायचं तर त्यावर आणखी तीन किलोमीटर हवेत. मोठी टाकी तर वर जातानाच टाकून दिलेली. उरलेल्या इंधनात त्या वेगाचा दहावा हिस्सासुद्धा मिळायचा नाही. आणि परत येताना वातावरणात शिरणार ते अकराच्या वेगाने. त्या फरशा टिकतील का?" मला विचाराल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. मालिकावाल्यांना शटल पडद्यावर देखणं दिसतं म्हणून हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण हाच भाचा पहिल्या पर्वाच्या शेवटी समुद्रातून उडणारं अजस्र रॉकेट पाहून खो खो हसला होता. ते 'सी ड्रॅगन' तर खरोखरच कागदावर आखलेलं होतं! १९६२ साली रॉबर्ट ट्रुआक्स नावाच्या अभियंत्याने. दीडशे मीटर लांब, पाण्यातच उभं करायचं आणि पाण्यातूनच सोडायचं. बांधलं गेलं नाही, हे वेगळं. तेव्हा विचित्र दिसतं म्हणून खोटं, हा न्याय इथे चालत नाही.

शेवटच्या भागात गॉर्डो आणि ट्रेसी हे जोडपं अंगाभोवती चिकटपट्ट्या गुंडाळून चंद्रावर उघड्यावर धावतं, तळ वाचवतं आणि मरतं. त्यावरही रात्री साडेअकरापर्यंत वाद. पंधराएक सेकंद शुद्ध राहील का? राहते. १९६६ साली ह्यूस्टनच्या निर्वात खोलीत पोशाखाची नळी सुटून एक तंत्रज्ञ असाच सापडला होता. चौदाएक सेकंदांत बेशुद्ध पडला, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी जिभेवरची लाळ उकळताना जाणवली एवढं त्याला आठवत होतं. तो वाचला. त्या दोघांना धावायचंही होतं, त्यामुळे ती वाचली नाहीत हे ठीकच.

असो. हे सगळे वाद गमतीचे आहेत, पण मला ते दुय्यम वाटतात. मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दरवर्षी पानिपताच्या धड्यानंतर कोणी ना कोणी हात वर करून विचारायचंच, "बाई, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?" इतिहासात जर-तरला स्थान नसतं, असं उत्तर द्यायची शिक्षकांची पद्धत. मला ते उत्तर कधी पटलं नाही. मी मुलांना सांगायची, खुशाल विचार करा, पण एक नियम पाळा. भिंतीतला एकच खिळा काढायचा. आणि तो काढल्यावर भिंतीवरचं काय काय खाली येतं आणि काय तरीही जागच्या जागी राहतं, ते प्रामाणिकपणे पाहायचं. आपल्या जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत हेच केलं. एक गोळी चुकते, बस्स. पुढचं सगळं त्या एका गोळीतून.

मालिकेनेही खिळा एकच काढला आहे. तो म्हणजे सर्गेई कोरोल्योव्ह. रशियाच्या अंतराळ मोहिमांचा हा मुख्य रचनाकार. जिवंत असेपर्यंत त्याचं नावही सरकारने जगाला कळू दिलं नव्हतं. तो वारला १९६६ मध्ये, शस्त्रक्रियेच्या टेबलावर. तारीख १४ जानेवारी. (पानिपतही १४ जानेवारीलाच! हे आपलं उगाच, शिक्षकाला तारखा स्वस्थ बसू देत नाहीत.) मालिकेच्या निर्मात्यांपैकी रोनाल्ड मूर यांनी सांगितलं आहे की त्यांच्या जगात कोरोल्योव्ह त्या दिवशी मरत नाही, आणि म्हणून रशिया चंद्रावर पोचतो.

आमच्या घरात यावर कोणाचीच हरकत नाही. थोर माणूस जगला, देश जिंकला. ऐकायला किती छान. पण माझी हरकत आहे. रशियाच्या त्या एन-वन रॉकेटच्या पहिल्या टप्प्याला तीस इंजिनं होती. मोठी, मोजकी इंजिनं करता आली नाहीत, कारण इंजिनांचा तिथला सर्वांत जाणता माणूस ग्लुश्को, त्याचं आणि कोरोल्योव्हचं इंधनावरून बिनसलेलं. मग विमानांची इंजिनं करणाऱ्या कारखान्याकडून ती करून घेतली. तीसच्या तीस एकत्र पेटवून जमिनीवर कधी तपासली नाहीत. हे सगळे निर्णय कोरोल्योव्हच्या हयातीतले! चंद्रावर माणूस उतरवायचा हा रशियाचा पक्का निर्णयच मुळी १९६४ सालचा, म्हणजे केनेडींच्या घोषणेनंतर तीन वर्षांनी. एन-वन चार वेळा उडवलं, चारही वेळा कोसळलं. दुसऱ्या वेळी, ३ जुलै १९६९ ला, ते तळावरच पडलं आणि उड्डाणमंच उद्ध्वस्त झाला. मालिकेत लिओनोव्ह उतरतो त्यानंतर अवघ्या आठवड्यानेच ही घटना प्रत्यक्षात घडलेली आहे. कोरोल्योव्ह जगला असता तर कदाचित पाचव्या-सहाव्या खेपेला ते रॉकेट उडालं असतं. पण जून एकोणसत्तर? माझ्या हातात लाल पेन असतं तर इथे मी दहापैकी चार दिले असते.

मग आमचं भांडण होतं कुठे? बायकांवर.

मालिकेत रशिया दुसऱ्याच खेपेला चंद्रावर एक बाई उतरवतो. निक्सन हादरतात आणि फर्मान सोडतात, आपल्यालाही बाई हवी. तिसऱ्या भागात वीसेक बायकांचं प्रशिक्षण सुरू होतं. चौघी टिकतात. त्यातली मॉली कॉब १९७१ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकलटन विवरात दोरीने उतरून बर्फ शोधते. (हे विवर आपल्याला परकं नाही. चांद्रयान-१ ने नोव्हेंबर २००८ मध्ये सोडलेली तिरंगा रंगवलेली पेटी याच विवराच्या परिसरात आदळली होती.) यावर भाचा म्हणाला, "हे मात्र आजच्या काळाचं राजकारण मागे नेऊन चिकटवलंय. तेव्हा इतक्या तयारीच्या बायका होत्या कुठे?" लेकानेही मान डोलावली. शटलच्या इंधनाचा हिशेब मागणारी माणसं इथे हिशेब न मागताच निकाल देऊन मोकळी झाली, याचा मला राग आला.

होत्या. १९६० साली न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्क गावी डॉक्टर लव्हलेस यांनी आपल्या दवाखान्यात जेरी कॉब या वैमानिक बाईची तपासणी केली. पहिल्या सात अंतराळवीरांची ज्या तपासण्यांनी निवड झाली, त्याच या तपासण्या. कानात बर्फाचं पाणी सोडायचं आणि चक्कर किती वेळ टिकते ते मोजायचं, असले प्रकार. ती उत्तीर्ण झाली. तेव्हा तिच्या नावावर सात हजारांहून जास्त तासांचं उड्डाण होतं. पुढच्या वर्षी आणखी बायका आल्या आणि एकूण तेरा जणी पार पडल्या. कॉबला अंधाऱ्या खोलीत पाण्याच्या हौदात तरंगत ठेवलं, आवाज नाही, उजेड नाही. ती नऊ तासांहून जास्त वेळ राहिली. वॉली फंक नावाची बावीस वर्षांची मुलगी दहा तासांच्याही पुढे गेली. १९६१ च्या सप्टेंबरात पुढच्या चाचण्या नौदलाच्या केंद्रात व्हायच्या होत्या. त्या आयत्या वेळी रद्द झाल्या, कारण नासाने तशी मागणीच केलेली नव्हती.

मग जुलै १९६२ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. नासाची अट होती, उमेदवार लष्करी जेट विमानांचा चाचणी वैमानिक हवा. आणि चाचणी वैमानिकांच्या लष्करी शाळेत बायकांना प्रवेशच नव्हता. पृथ्वीप्रदक्षिणा करून नुकतेच परतलेले जॉन ग्लेन साक्षीला आले आणि त्यांनी सांगितलं की पुरुष लढायला जातात, विमानं उडवतात, बायका या क्षेत्रात नाहीत, ही आपल्या समाजव्यवस्थेची वस्तुस्थिती आहे. अशा अर्थाचं. गंमत म्हणजे निवडीच्या वेळी पदवीची अट होती आणि खुद्द ग्लेन यांच्याकडे ती पदवी नव्हती. अनुभव पाहून ती अट त्यांच्यापुरती सैल केली गेली. अट सैल होऊ शकते, हे यातून सिद्धच झालं ना? मॉली कॉब हे नाव मालिकेने कुठून उचललं तेही आता कळलं असेल.

आमच्या वेळी आठवीत विषय निवडावे लागत. आमच्या शाळेने निवड आधीच करून ठेवलेली होती. मुलांना बीजगणित-भूमिती, मुलींना सोपं गणित आणि गृहशास्त्र. मी बीजगणित मागितलं तर एकटीसाठी वेळापत्रक बदलता येणार नाही असं उत्तर मिळालं. घरच्यांनीही फार ताणलं नाही. अकरावी झाल्यावर विज्ञान शाखेच्या अर्जात बीजगणित-भूमितीचे गुण विचारले होते, आणि तो रकाना माझ्याकडे कोराच. मी कला शाखेत गेले, बी. ए. झाले, इतिहासाने मला आयुष्यभर पोसलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे शिक्षकांच्या खोलीत "मुलींचा कलच नसतो हो गणिताकडे" हे वाक्य कितीदा ऐकलं! बोलणारा नेहमीच चांगला माणूस असायचा. ग्लेनही चांगलेच होते.

तेव्हा भाच्याला मी म्हटलं, तुला अचूकता हवी आहे ना? मग शंका घ्यायचीच असेल तर अमेरिकन बायकांवर घेऊ नकोस, रशियन बाईवर घे. व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा जून १९६३ मध्ये पृथ्वीभोवती अठ्ठेचाळीस फेऱ्या मारून आली, आणि त्यानंतर रशियाने तब्बल एकोणीस वर्षं दुसरी बाई वर पाठवली नाही. पहिली म्हणून टाळ्या मिळाल्या, काम झालं. तिच्याबरोबर तयार केलेली बायकांची तुकडी १९६९ च्या ऑक्टोबरात बरखास्तच केली. नेमकं त्याच सुमाराला मालिकेत रशियन बाई चंद्रावर चालते आहे! शिवाय रशियाच्या खऱ्या चांद्रयानात उतरायला एकाच माणसाची जागा होती. ती एकमेव जागा त्यांनी बाईला दिली असती, यावर माझा विश्वास नाही. म्हणजे मालिकेतली जी ठिणगी आहे ती कच्ची, आणि त्या ठिणगीने पेटलेलं लाकूड मात्र अस्सल, वाळवून ठेवलेलं. आमच्या घरातली मंडळी उलटं धरून बसली होती.

एक गोष्ट मात्र मालिकेने फार बरोबर ओळखली आहे. निक्सन बायकांना संधी देतात ती न्यायाची चाड म्हणून नव्हे, नाक कापलं गेलं म्हणून. ट्रेसीला घेतात ती अंतराळवीराची बायको, फोटो छान येतील म्हणून. आणि तशा कारणाने दार उघडल्यावर आत आलेल्या बायका मग आपल्या कामाने तिथे राहतात. हे मला जिल्हा परिषदेतल्या कितीतरी बायकांवरून माहीत आहे. नवऱ्याने उभी केली, पुढे नवऱ्यालाच विचारेनाशी झाली.

आता कथानकाबद्दल. भाचा म्हणतो, अर्धी मालिका रॉकेटची आणि अर्धी सासू-सुनांची. रडारड जास्त. मला तसं वाटत नाही. चंद्रावरच्या तळावर अडकून गॉर्डोचं डोकं ठिकाणावर राहत नाही, तेव्हा डॅनियल पूल आपला हात स्वतः मोडून घेते. जखमी ती, म्हणून दोघांना परत न्यायचं, आणि त्याच्या वेडाची नोंद कुठे व्हायची नाही. त्याची नोकरी वाचते. हिच्या नावावर मात्र चंद्रावर हात मोडून घेणारी बाई एवढाच शेरा राहतो. हा प्रसंग रॉकेटचा की घरचा? माझ्या पिढीच्या बायकांना तो दोन्हीकडे ओळखू येईल.

दुसऱ्या पर्वात मात्र कॅरन आणि तिच्या मेलेल्या मुलाचा दोस्त डॅनी यांचं प्रकरण आहे, त्याला मी नापास केलं. लाज वाटते म्हणून नाही, या वयात कसली लाज! ते आधीच्या कशातून निघत नाही म्हणून. गोष्ट पुढे ढकलायला लेखकांना भांडण हवं होतं, ते त्यांनी बाहेरून आणून ठेवलं. तिसऱ्या पर्वात तो डॅनी मंगळापर्यंत त्रास देतो. उत्तर कोरियाचा माणूस मंगळावर पहिला पोचलेला निघतो, हेही तसलंच. धक्का चांगला, हिशेब शून्य. आणि चौथ्या पर्वात एड बाल्डविन सत्तरी ओलांडून मंगळावर मुक्काम ठोकून आहे आणि थरथरणारा हात लपवतो आहे. यावर नात म्हणाली, हे अति झालं. मी काही बोलले नाही. हात कसा लपवायचा असतो ते मला माहीत आहे. कप दोन्ही हातांनी धरायचा.

ग्लेन १९९८ मध्ये सत्त्याहत्तराव्या वर्षी पुन्हा अंतराळात गेले. म्हातारपणाचा शरीरावर परिणाम तपासायला. तेव्हा जेरी कॉब सदुसष्ट वर्षांची होती. ती मधली सगळी वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात विमानाने औषधं पोचवत होती. तिलाही पाठवा म्हणून लोकांनी नासाकडे रदबदली केली. पाठवलं नाही. वॉली फंक २० जुलै २०२१ ला, ब्याऐंशीव्या वर्षी, एका खाजगी कंपनीच्या रॉकेटमधून दहा मिनिटांसाठी जाऊन आली. उतरल्यावर हात पसरून हसतानाचं तिचं चित्र नातीने मला फोनवर दाखवलं. कॉब मार्च २०१९ मध्ये गेली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. लिओनोव्ह त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला, मालिका सुरू व्हायला तीन आठवडे उरले असताना. दोघांनाही आपापला चंद्र पडद्यावर पाहायला मिळाला नाही.